रोजची पाच वाक्यं

बाहगढा
९ जानेवारी २०१३

रुनू,

'प्रिय' लिहू की नको हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिते. नऊ वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं आणि पहिल्याच शब्दात खोटेपणा करायचा, हे काही बरं नाही. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, जोनमणीकडून घेतला. आधी देत नव्हती. 'कशाला हवाय?' म्हणाली. मी म्हटलं, 'काम आहे.' तर म्हणाली, 'तुझं कामच असणार, दुसरं काय!'

तर काम असं. मला सरकारी नेमणूक आली आहे. ढेकियाजुलीपासून चार मैलांवर एक हायस्कूल आहे, तिथे इंग्रजीची शिक्षिका म्हणून. एकतीस तारखेपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. मला अडतीस पूर्ण झाली. पुन्हा अशी संधी यायची नाही. ते नेमकं तुझंच गाव निघालं हा योगायोग, मी मागून घेतलेलं नाही. एवढंच कळव की तिकडे एकट्या बाईला भाड्याने खोली मिळते का, आणि पाणी जवळ असतं का. बाकी काही नको.

घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. नेमणुकीचं पत्र मागाखालच्या सुताच्या टोपलीत दडवलंय. रोज एकदा काढून बघते, त्यावर माझंच नाव आहे ना म्हणून.

सांगितलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. देउता आपले वडील कमी आणि शाळेचे हेडमास्तर जास्त, हे तुला मी सांगायला नको. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या भाताच्या जमिनीत पत्र्याची शेड उभी केली, आणि जो कुणी शिकवायला येईल त्याला नामघरात देवापुढे, अख्ख्या गावासमोर दिवा लावून बोलायला लावलं: 'सरकार ही शाळा आपल्याकडे घेईपर्यंत मी ती सोडणार नाही.' मी लावला. चार वर्षांनी तू लावलास. सरकार आज घेईल, उद्या घेईल, निवडणूक झाली की घेईल. पगाराच्या जागी भोपळे आणि मागूर मासे, आणि रस्त्याने जाताना 'बाइदेउ, नमस्कार'. आपल्याकडे थोरल्या बहिणीलाही बाइदेउ म्हणतात आणि शाळेतल्या बाईलाही. मी आता गावभर बाइदेउच आहे.

तू दिवा लावूनही गेलीस. बरं केलंस की वाईट, ते राहू दे. पण तू सुशील तांतीबरोबर चहामळ्यात निघून गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुझे गणिताचे तास माझ्या गळ्यात पडले. इंग्रजीच्या बाईने त्रैराशिक शिकवायचं! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि त्या वेळी नामघरात मी तुझ्याबद्दल जे बोलले, ते मला बोलावं लागलं. गाव विचारत होतं, उत्तर देणं भाग होतं. ते आता उकरून काढण्यात अर्थ नाही. खोलीचं तेवढं बघ.

अणिमा


१६ जानेवारी

रुनू,

तुझं उत्तर नाही. टपाल इथून जायला सहा दिवस घेतं, यायला सहा, असं मनाला समजावते आहे.

बिहूच्या सकाळी मेजी पेटवून झाली, सगळे ऊब घेत बसले होते. देउतांचा चेहरा बरा दिसला म्हणून विषय काढला.

'देउता, मला नेमणूक आलीय. सरकारी. ढेकियाजुलीकडची.'

त्यांनी तिळाचा पिठा मोडून अर्धा तोंडात टाकला. 'मॅट्रिकला किती दिवस राहिले?'

'महिना.'

'बसतायत किती?'

'चौतीस.'

'इंग्रजी कोण शिकवणार?'

मी मेजीत एक लाकूड सारलं.

'दिवा कुणी लावला होता? मी की तू?'

झालं, संपलं बोलणं. उरलेला पिठा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, 'खा. गूळ यंदा चांगला आहे.'

ह्या तुरुंगाचं हे असं आहे बघ. कुणी ओरडत नाही, दाराला कडी नाही. सगळे प्रेमानेच वागतात. बिहूला सहा घरांतून पिठे आले, हातमागाचे दोन गामोसे आले. धर्मेश्वरची आई घरी येऊन म्हणाली, 'बाइदेउ, तुम्ही नसता तर आमची पोरगी इंग्रजीत अजून चहा खातच बसली असती!' तू हसशील. आपण चहा खातो, पाणी खातो, विडीसुद्धा खातो, आणि पोरं तेच उचलून इंग्रजीत नेतात. 'आय ईट टी.' एका वर्षात साठ-सत्तर वेळा तरी मी त्यावर लाल रेघ मारत असेन. आपल्यात एकटा जातो तेही 'जाय' आणि दहा जण जातात तेही 'जाय', त्यामुळे 'ही गो' म्हटल्याशिवाय एकही पोर मोठं होत नाही. कितीदा सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ही गो'. मला कधीकधी वाटतं की मी शिकवत नाही, नुसती नदीतलं पाणी उपसते आहे.

तुला माझी चुकांची वही आठवते? आता तिच्या तीन झाल्यात. कोणती चूक, कुणी केली, कोणत्या साली, आणि पुढच्या खेपेला कशी समजवायची. मागच्या साली एका मुलीने 'माझे वडील' ह्या निबंधात लिहिलं, 'माय फादर इज ड्राउन इन लास्ट यीअर.' मी 'इज' खोडलं, 'इन' खोडलं, क्रियापद भूतकाळी केलं, आणि पान उलटल्यावर लक्षात आलं की मी काय वाचलं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर जाऊन बसले. म्हटलं, 'वाक्य चांगलं होतं.' तीही म्हणाली, 'थँक यू, बाइदेउ.' मी अशी झाले आहे.

एक गोष्ट मात्र आशेची आहे. देउतांनी दादाच्या बायकोला, भनिता नबौला, माझ्याकडे इंग्रजी शिकायला बसवलंय. तू तिला नीट पाहिलेलंही नाहीस, तुझ्यानंतर आली. मागावर हात चांगला आहे, बी.ए. झालीय, पण इंग्रजीच्या नावाने आनंद. ती रोज पाच वाक्यं लिहून चहाबरोबर माझ्यापुढे ठेवते. पान लालेलाल होतं, तरी एक दिवस खाडा नाही. मला वाटतं देउता तोंडाने नाही म्हणतात, पण आतून माझ्या सुटकेची सोय करतायत. ती तयार झाली की मला सोडतील.

खोलीचं विसरू नकोस.

अणिमा


२१ जानेवारी

रुनू,

काल नबौची वही आली, रोजच्यासारखी, चहाच्या कपाखाली.

पहिलं वाक्य: 'द काऊ आर ईटिंग ग्रास.' 'आर'चं 'इज' केलं. दुसरं: 'यस्टरडे आय हॅव गो टू मार्केट.' तेही सरळ केलं. तिसऱ्यात तिनेही चहा खाल्ला होता. चौथं: 'माय नेम इज इन द गव्हर्न्मेंट लिस्ट.' बरोबर. पाचवं: 'युअर नेम इज नॉट इन द लिस्ट.' तेही बरोबर. दोन्हींपुढे मी खूण केली आणि खाली लिहिलं, 'छान. सुधारणा दिसते.' मग चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर पुन्हा वाचलं.

उठून मागाशी गेले. ती खाली मान घालून धोटा टाकत होती.

'नबौ, हे काय लिहिलंस?'

'वाक्यं.'

'खरी आहेत?'

'तूच सांगतेस ना, पुस्तकातली नकोत, मनातली लिहा म्हणून.'

'नबौ!'

धोटा थांबला. 'मागच्या आषाढात शिक्षकांची यादी गेली, अणिमा. दुर्गापूजेच्या आधी मंजूर होऊन आली. शाळा सरकारने घेतली. इंग्रजीच्या जागेवर माझं नाव आहे. मला फक्त सही करायला सांगितली. तुझा दादा म्हणाला, देउतांचा शब्द आहे, वर बोलायचं नाही.'

'आणि वर्गात शिकवायचं कुणी?'

'तू. मॅट्रिकचा निकाल लागेपर्यंत तुला काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. तोवर मी थोडं थोडं शिकून घ्यायचं.'

'माझ्याकडूनच.'

'हो.' आणि ती रडायला लागली. 'तोंडाने सांगायची छाती होत नव्हती गं. आसामीत लिहिलं असतं तर तुझ्या दादाच्या हाती लागलं असतं. इंग्रजी दिसलं की तो वहीला हात लावत नाही.'

कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण रुनू, ती दोन वाक्यं लिहायला तिला किती दिवस लागले असतील! आदल्या पानांवर तिने ती खोडून खोडून पाहिली होती, आता दिसलं. ह्या घरात मला कुणी खरं सांगितलं असेल तर तिने, आणि तेही चूक होऊ नये म्हणून शब्दकोश घेऊन.

शाळा सरकारने घेतली. सतरा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस येऊन गेला, आणि त्या दिवशीसुद्धा मी वर्गात उभी राहून 'ही गोज' म्हणत असेन. मला कुणी सांगितलंच नाही. दादाने त्या दिवशी मटण आणलं होतं, ते आता आठवतंय. मी विचारलं होतं, 'आज काय विशेष?' तर म्हणाला, 'काही नाही, स्वस्त मिळालं.'

आज मी वर्गावर गेले. गेले, कारण घंटा वाजली.

अणिमा


२४ जानेवारी

रुनू,

तुझं उत्तर नाही. आता मी दिवस मोजत नाही.

देउतांशी बोलले. ऑफिसात, म्हणजे तुला माहीत आहे त्याच बांबूच्या आडोशाआड. ते हजेरीपट आखत होते, मी समोर उभी. बस म्हणाले नाहीत.

'यादीत नबौचं नाव का?'

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. नाकारलं नाही, तेवढं खरं. 'ती सून आहे. घरातच राहील.'

'आणि मी?'

'तू मुलगी. उद्या लग्न होऊन जाशील.'

'उद्या? देउता, माझे केस पिकले.'

त्यांनी हजेरीपट मिटला. मग जे बोलले ते तुला जसंच्या तसं लिहिते. 'अणिमा, तू नाव नसतानाही शिकवतेस. ती नावाशिवाय एक दिवस टिकली नसती. मला शिक्षक दोन हवे होते आणि जागा एकच होती. शाळा जगली पाहिजे.'

ह्यातलं भयंकर काय, सांगू? त्यांचं म्हणणं खरं आहे. मी नाव नसताना शिकवलं. मी स्वतःच त्यांना दाखवून दिलं की हिला काही नाही दिलं तरी चालतं. गाईला पान्हा फुटतोय म्हटल्यावर पेंड कोण घालतो?

'मी रविवारी नामघरात रजा मागणार आहे,' मी म्हटलं.

'गावासमोर मला उघडं पाडणार?'

'नाही. रजा मागणार. एवढंच.'

'चौतीस पोरं आहेत,' ते म्हणाले, आणि पुन्हा पट्टी घेतली. रेघ वाकडी गेली. मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचाच राग आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं माझं झालंय. इथे राहिले तर आयुष्यभर नबौच्या नावाखाली शिकवत राहीन. गेले तर त्या चौतीसांतले जे नापास होतील त्यांची तोंडं मला ढेकियाजुलीच्या फळ्यावर दिसतील.

त्या नामघरात जायला नको वाटतं, ते नुसतं देउतांमुळे नाही. तिथे तुझ्याबद्दल मी जे बोलले, ते गाव विचारत होतं म्हणून बोलले, असं तुला लिहिलं होतं. ते अगदी तसंच नव्हतं. पण ते पुन्हा कधीतरी.

अणिमा


२९ जानेवारी

रुनू,

रविवारी नामकीर्तन संपलं, प्रसाद वाटायच्या आधी मी पुढे गेले. शराईच्या पितळी तबकात विड्याचं पान आणि तामूल-सुपारी ठेवली, वर गामोसा पांघरला, गुडघे टेकले आणि सगळ्या गावाला म्हटलं, 'राइजाने मला रजा द्यावी. मला दुसरीकडे नोकरी लागली आहे.'

कुणी तामूल उचलला की रजा मिळाली. कुणी हात पुढे करेना. लीलाकांत खुरांकडे सगळे बघत होते. हल्ली नामघराचं तेच पाहतात. ते गोड आवाजात म्हणाले, 'बाइदेउ, मॅट्रिक तोंडावर आलंय हो.'

धर्मेश्वर म्हणाला, 'आमची पोर मग कुणाच्या भरवशावर?'

बायकांतून एक म्हातारी म्हणाली, 'लग्न ठरलं असेल तर सांग बाई, आत्ता सोडू. नोकरीसाठी काय जायचं? इथे आहे की नोकरी!' लोक हसले. वाईट मनाने नाही हसले. वाईट मनाने हसले असते तर उठून निघून जाणं सोपं होतं.

देउता खांबाला टेकून खाली बघत बसले होते. मी शब्द दिला होता, मी बोलले नाही. पण बायकांच्या बाजूने नबौ उठली. डोक्यावरचा पदर सावरला आणि उभ्या उभ्या म्हणाली, 'यादीत हिचं नाव नाही. माझं आहे. शाळा सरकारने पूजेच्या आधीच घेतली. हिला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही.' दादा खालून तिचा पदर ओढत होता. ती बसली नाही.

बाहेर कुणाची तरी गाय हंबरली. मग लीलाकांत खुरा म्हणाले, 'हेडमास्तर, खरं काय?'

देउता उठले. कुणीतरी दुसरी शराई पुढे केली, ती घेऊन ते माझ्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसले. बहात्तरावं चालू आहे त्यांना. बसताना गुडघा कटकन वाजला. 'चूक झाली,' म्हणाले. 'शाळेच्या लोभाने झाली. राइजाने पोटात घालावी.'

पाच मिनिटंही लागली नाहीत, रुनू. 'शाळेसाठीच केलं ना, घरात काही भरलं नाही.' 'माणूस आहे, चुकतो.' 'आता यादी बदलायला गेलो तर शाळाच हातची जाईल, तेव्हा यादी असू दे.' लगेच सगळ्यांनी कपाळं जमिनीला टेकवली. रीत तुला माहीत आहे: सगळी डोकी खाली गेली की माफी झाली, आणि त्यानंतर त्या गोष्टीचा जो शब्द काढेल तो दोषी. पण डोकी सगळी खाली जावी लागतात. एक वर राहिलं होतं, माझं. सगळे थांबले. देउता एक हात जमिनीवर टेकून कसेबसे तोल सांभाळत होते; मी वाकल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं.

मी वाकले. माफ केलं म्हणून नाही. त्यांचे गुडघे बघवेनात म्हणून.

'चला, मिटलं!' लीलाकांत खुरांनी हात चोळले. 'बाइदेउ, उद्याचा पहिला तास नेहमीसारखाच ना?'

तेव्हा माझं डोकं जागेवर आलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या नामघरात आवाज चढवला. 'उद्याचा तास घेईन. मंगळवारचाही घेईन. बुधवारी मी सकाळच्या बसमध्ये असेन.'

'आणि दिवा? दिवा लावून बोलल्या होतात ना?'

'सरकार शाळा घेईपर्यंत बोलले होते, खुरा. सरकारने घेतली. कधी घेतली, कशी घेतली, ते तुम्ही आत्ताच सगळ्यांनी मिळून मिटवलंत. आता त्यावर कुणी शब्द काढला तर तोच दोषी.'

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. धर्मेश्वरची आई असावी. तामूल शेवटपर्यंत कुणी उचलला नाही. मी शराई तिथेच ठेवून घरी आले.

काल आणि आज शाळेत गेले. चुकांच्या तिन्ही वह्या नबौला दिल्या. आज तास तिने घेतला, मी मागच्या बाकावर बसले. फळ्यावर पहिलंच वाक्य तिने चुकवलं. एका मुलीने हात वर करून दुरुस्त केलं, नबौ लालबुंद झाली, मग हसली आणि तिलाच खडू देऊन फळ्यापाशी बोलावलं. मी असं कधी केलं नव्हतं. पोरं पास होतील का, सांगता येत नाही. चार-पाच जण माझ्या जाण्याने नापास होतील, आणि ते माझ्या डोक्यावर राहील. नाही म्हणत नाही.

देउता दोन दिवस बोलले नाहीत. आज जेवताना फक्त विचारलं, 'बस किती वाजता?' मी म्हटलं, 'सहा.' ते म्हणाले, 'साडेपाचला निघ, कधीकधी लवकर येते.'

आता खरं लिहिते.

देउता माझ्या शेजारी गुडघ्यांवर होते ना, तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांचं तोंड गावाकडे होतं. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली आणि माझ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. त्या क्षणी मला तू आठवलीस. तू गेल्यावर गावाने आपल्या घरचं पाणी घ्यायचं बंद केलं. चार महिन्यांनी आपण तिथेच शराई ठेवली. आपण लीलाकांत खुरांची माफी मागितली, धर्मेश्वरची मागितली, कालच्या पोरासोरांची मागितली. तुझी कुणी मागितली नाही.

आणि गाव विचारत नव्हतं, रुनू. कुणी काही विचारलं नव्हतं. डोकी खाली जाऊन वर आली होती, सगळं मिटलं होतं, लोक चपला शोधत होते. मी आपणहून उठून उभी राहिले आणि म्हणाले, 'मला बहीण नाही.' आई समोर बसली होती. पुढे तिच्या श्राद्धाला तू आलीस, मागच्या रांगेत बसलीस, आणि मी तुला साधं पाणीही विचारलं नाही.

सुशील मळ्यातल्या मजुरांपैकी म्हणून मी असं बोलले, असं सगळ्यांना वाटलं. मीही वाटू दिलं. ते खरं नाही. तो बरा माणूस आहे, हे मला तेव्हाही दिसत होतं. मला तुझा हेवा वाटला. दोघींनी दिवा लावला होता आणि तू एकटी सुटलीस. पलीकडच्या खाटेवर मी झोपले होते, तू मला हलवून उठवलंही नाहीस. 'चल' म्हणाली असतीस तर मी आले नसते, हे मला माहीत आहे. तरी म्हणायला हवं होतंस.

खोलीचं बघू नकोस. तो बहाणा होता. खोली शाळेच्या आवारातच आहे, नेमणुकीच्या पत्रातच तसं लिहिलंय. आणि ढेकियाजुली मी मागून घेतली. तीन गावं दिली होती, दोन इथून जवळची होती.

हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच आणते. बुधवारी संध्याकाळी तुझ्या दारात उभी राहीन. बरोबर गाव नसेल, देउता नसतील, पुढे करायला शराई नसेल. माफी मागायची ती तुझ्याकडे तोंड करून मागेन. दार उघडलं नाहीस तर हे कागद फटीतून आत सरकवीन, गुरुवारी कामावर हजर होईन आणि रविवारी पुन्हा येईन.

आणि एक. तू मला न उठवता गेलीस त्याचा राग अजून थोडा आहे. तो इथे ठेवून यावं म्हणून फार प्रयत्न केला, जमलं नाही. घेऊनच येते.

अणिमा